फ्रेंच गालिचे: सावॉनरी, ओब्यूसाँ आणि तुमचे सारखे सारखे येणारे प्रश्न

गालिच्यांबद्दल लिहायला लागल्यापासून मला तेच तेच प्रश्न येतात, कुणी परदेशातल्या म्युझियममध्ये फोटो काढून पाठवतं, कुणी आजोबांच्या वाड्यातल्या जुन्या गालिच्याचा कोपरा दाखवून "हा फ्रेंच आहे का" विचारतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एका ठिकाणी टाकतेय. नंबर दिलेत, म्हणजे एक गोष्ट दोनदा सांगायला नको.

1. सावॉनरी, गोब्लाँ, ओब्यूसाँ ही एकाच गालिच्याची नावं आहेत का?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. गोब्लाँ हा पॅरिसमधला कारखाना, तिथलं मुख्य काम टेपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र. सावॉनरी म्हणजे पायाखाली घालायचा, गाठी मारून केलेला, दाट लव असलेला गालिचा. आणि ओब्यूसाँ हे मध्य फ्रान्समधलं क्रझ नदीकाठचं गाव, तिथे टेपेस्ट्रीही विणली आणि गालिचेही, पण गालिच्यांच्या दुनियेत त्याचं नाव झालं ते सपाट, बिनलवीच्या विणीमुळे. फ्रेंचमध्ये गालिच्याला तापी म्हणतात आणि टेपेस्ट्रीला तापिसरी, शब्द इतके जवळचे की भाषांतरात सतत गडबड होते.

2. सावॉनरी म्हणजे साबणाचा कारखाना असं वाचलं, खरं आहे का?

खरं आहे. फ्रेंचमध्ये साबणाला साव्हाँ म्हणतात आणि सावॉनरी म्हणजे साबण करायची जागा. पॅरिसच्या पश्चिमेला शायो नावाच्या भागात सीन नदीकाठी एक जुना साबण कारखाना होता, तो बंद पडल्यावर 1615 मध्ये राणी मारी द मेदिसीने तिथे गरीब अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. पुढे 1627 च्या सुमारास गालिच्यांचे माग तिथेच बसवले आणि जागेचं नाव मालाला चिकटलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात राजेशाही गालिच्याचं नाव साबणावरून आलंय. ती इमारत आता नाही, तिथे आज पाले द तोक्यो हे आधुनिक कलेचं म्युझियम उभं आहे.

3. फ्रान्सला स्वतःचे गालिचे का विणावेसे वाटले? तुर्की, इराणी गालिचे मिळतच होते की?

मिळत होते, तोच तर प्रॉब्लेम होता. श्रीमंत घरांत पूर्वेकडचे गालिचे हवेच असायचे आणि त्यापायी देशातलं सोनं-चांदी बाहेर जायचं. चौथा आंरी हा राजा गादीवर आला तेव्हा देश धर्मयुद्धांनी पार खिळखिळा झाला होता, त्यामुळे बाहेरून येणारी ऐषारामाची वस्तू देशातच बनवायची असं धोरण त्याने धरलं, रेशमाचंही तेच केलं. लूव्र राजवाड्याच्या लांब गॅलरीखाली त्याने कारागिरांना राहायला आणि काम करायला जागा दिल्या, त्यात पिएर द्यूपाँ नावाचा विणकर होता. या द्यूपाँने 1632 मध्ये गालिचे विणण्यावर एक पुस्तकच लिहिलं, ला स्त्रोमातुर्जी, आणि त्यात अभिमानाने सांगितलं की तुर्की पद्धतीचं काम आता फ्रान्समध्ये होतंय.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण बरेच लेख ती गाळतात. फ्रेंच गालिच्याची गाठ फ्रेंच नाही. ती तुर्की गाठ आहे, आणि कारखान्याच्या अधिकृत नावातही "पर्शिया आणि लेव्हांतच्या (म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशाच्या) धाटणीचे गालिचे" असंच लिहिलेलं होतं. फ्रेंचांचं स्वतःचं काय, तर त्या गाठीतून त्यांनी चित्र काढलं, फुलांवर सावली पाडली, दगडी कोरीवकामाचा भास केला.

4. अनाथ मुलांकडून काम करून घेतलं हे खरं का? म्हणजे बालमजुरीच ना ती?

आजच्या भाषेत हो, बालमजुरीच. सीमाँ लूर्दे हा द्यूपाँचा शिकाऊ, पुढे त्याचाच भागीदार झाला. त्यांना राजाकडून जो हक्क मिळाला त्यात अटच होती की आश्रमांमधली शंभर गरीब मुलं घ्यायची आणि त्यांना हे काम शिकवायचं. सरकारच्या नजरेत ही दयाच होती, पोराला छप्पर आणि हाताला धंदा, आणि मालकाला स्वस्तात हात. लहान बोटं बारीक गाठीला बरी असं कौतुकाने सांगितलं जातं, मला ते कौतुक कधी पटलं नाही. लूर्दे शायोला मुलांसोबत राहिला, द्यूपाँ लूव्रमध्येच राहिला, दोघांत कोर्टकचेऱ्या झाल्या, द्यूपाँ 1640 मध्ये गेला, पण दोन्ही घराण्यांनी पुढच्या पिढ्यांत हे काम चालू ठेवलं. त्यांची नावं कागदोपत्री आहेत. मुलांची बहुतेक नावं नाहीत, आणि म्युझियमच्या पाटीवर चित्रकाराचं नाव बघून पुढे जाताना मला दर वेळी हेच आठवतं.

5. गाठ नेमकी कशी मारतात? काश्मिरी गालिच्यापेक्षा वेगळी का?

वेगळी. सावॉनरीचा माग उभा असतो, ताण्याचे धागे वरून खाली ताणलेले. विणकर गालिच्याच्या लवेच्या बाजूने, म्हणजे सुलट बाजूनेच बसतो. लोकरीचा धागा ताण्याच्या शेजारच्या दोन धाग्यांभोवती गुंडाळून गाठ घालतो, दोन्हीकडे सारखी, म्हणूनच तिला समसमान गाठ किंवा तुर्की गाठ म्हणतात. आता यातली खास फ्रेंच युक्ती: प्रत्येक गाठीनंतर धागा कापत नाहीत, एका लोखंडी दांडीवर फास घेत घेत पुढे जातात. या दांडीच्या एका टोकाला पातं असतं. ओळ भरली की दांडी ओढून घ्यायची, सगळे फास एका झटक्यात कापले जातात आणि लव उभी राहते. मग बाण्याचा, म्हणजे आडवा धागा घालून जड फणीने ठोकून बसवायचं आणि शेवटी कात्रीने लव सारखी करायची, काही ठिकाणी आकाराच्या कडेने तिरकी छाटायची म्हणजे फूल जरा उठून दिसतं.

काश्मीरमध्ये गाठ असमान, म्हणजे पर्शियन, आणि नक्षी तालीम नावाच्या सांकेतिक कागदावरून वाचतात. सावॉनरीत विणकरासमोर चित्रकाराने रंगवलेलं पूर्ण चित्र असतं आणि त्यातला रंग धाग्यात कसा आणायचा हे तो स्वतः ठरवतो. एका गाठीत वेगवेगळ्या छटांचे बारीक धागे एकत्र घेतात, त्यामुळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी न बदलता विरघळत गेल्यासारखा वाटतो. पॅरिसला गोब्लाँच्या आवारात मी एका विणकर बाईंच्या मागे अर्धा तास उभी होते, एवढ्या वेळात त्यांचं काम माझ्या डोळ्यांना पुढे सरकलेलंच दिसलं नाही, त्या मात्र दर दोन-तीन गाठींनी मागे सरून बघत होत्या.

6. चौदाव्या लुईच्या त्या 93 गालिच्यांची गोष्ट काय आहे?

ही गोष्ट मी कितीही वेळा सांगू शकते. कोल्बेर हा लुईचा अर्थमंत्री, त्याने 1660 च्या दशकात सगळे राजेशाही कारखाने शिस्तीत आणले, गोब्लाँवर शार्ल ल ब्रँ या चित्रकाराला बसवलं आणि सावॉनरीलाही एवढी मोठी ऑर्डर दिली की तशी आधी कुणी दिली नव्हती. आधी लूव्रमधल्या अपोलो गॅलरीसाठी 13 गालिचे, मग लांब गॅलरीसाठी 93. ही गॅलरी चारशे मीटरहून लांब! तिची अख्खी जमीन गालिच्यांनी झाकायची, एकाला लागून एक. प्रत्येक गालिचा गॅलरीच्या रुंदीएवढा, म्हणजे साधारण 9 मीटरचा, आणि नक्षी जवळपास प्रत्येकाची वेगळी.

याआधीचे सावॉनरी गालिचे काळसर जमिनीवर फुलंच फुलं उधळलेली असे असायचे. ल ब्रँच्या हाताखाली सगळं बदललं, जमीन काळी किंवा गडद तपकिरीच राहिली, पण त्यावर अकँथसच्या पानांच्या मोठमोठ्या वेलांट्या आल्या, मधोमध राजाची चिन्हं, सूर्यफूल, अपोलोचा चेहरा, मुकुट, लिलीची फुलं, आणि दोन टोकांना निसर्गदृश्यं किंवा उठावाच्या शिल्पासारखी चित्रं. 1668 पासून वीसेक वर्षं हे काम चाललं.

आणि मग काय झालं, तर 1682 मध्ये राजा दरबारासकट व्हर्सायला राहायला गेला. लांब गॅलरीत हे सगळे गालिचे ठरल्याप्रमाणे एकत्र कधीच अंथरले गेले नाहीत. कोठारात गुंडाळून राहिले, प्रसंगाला चार-दोन बाहेर निघायचे. ज्या मुलांनी आणि माणसांनी वीस वर्षं गाठी मारल्या, त्यांच्यापैकी कुणीही ते काम पूर्ण मांडलेलं पाहिलं नाही.

7. मग ते गालिचे आता कुठे आहेत?

विखुरलेत. बरेचसे फ्रेंच सरकारच्या मोबिलिये नासिओनाल या संस्थेकडे आहेत, काही लूव्रमध्ये, काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, इंग्लंडच्या वॉड्सडन मॅनरमध्येही सावॉनरीचा मोठा संग्रह आहे. विखुरण्याचं कारण राज्यक्रांती. राजाची चिन्हं नकोशी झाली, म्हणून मुकुट आणि लिलीची फुलं कापून काढली आणि तिथे ठिगळं लावली. पुढे क्रांतीनंतर आलेल्या डिरेक्टरी नावाच्या सरकारकडे पैसा नव्हता, तेव्हा ठेकेदारांची देणी भागवायला रोख रकमेऐवजी राजवाड्यातल्या वस्तू दिल्या, त्यात हे गालिचेही गेले. म्युझियममध्ये सावॉनरी बघितलात तर मध्यभाग नीट निरखून बघा, बऱ्याचदा विणीचा पोत मध्येच बदललेला दिसतो.

8. नेपोलियनने पण गालिचे विणून घेतले ना?

हो, भरपूर. राजवाडे परत सजवायचे होते आणि क्रांतीनंतर बेकार झालेल्या कारागिरांना काम द्यायचं होतं. पर्सिए आणि फोंतेन या त्याच्या आर्किटेक्ट जोडीच्या काळात नक्षी कडक भौमितिक झाली, गरुड आणि मधमाश्या आल्या. तो गेल्यावर काही गालिच्यांवरची त्याची चिन्हं काढून परत लिलीची फुलं बसवली गेली, म्हणजे प्रश्न 7 मध्ये सांगितलेलंच, फक्त उलट दिशेने. 1820 च्या दशकात शायोची जागा सुटली आणि सावॉनरीचे माग गोब्लाँच्या आवारात आले, ते आजही तिथे आहेत.

9. ओब्यूसाँचा गालिचा कसा वेगळा? स्वस्त म्हणून सपाट का?

काही अंशी हो. ओब्यूसाँला टेपेस्ट्रीची परंपरा जुनी, 1665 मध्ये राजेशाही कारखाना म्हणवून घ्यायची परवानगीही मिळाली, पण तिथले बरेच विणकर प्रोटेस्टंट होते आणि 1685 मध्ये लुईने त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर मोठ्या संख्येने देश सोडून जर्मनी-स्वित्झर्लंडकडे गेले, गाव बसलंच. गालिचे तिथे सुरू झाले 1740 च्या दशकात, कारण सावॉनरी राजासाठी आणि बाकीच्या पैसेवाल्यांनाही घरात तसलं काहीतरी हवं होतं. सुरुवात तुर्की नमुन्यांच्या, लवेच्या गालिच्यांनी झाली, मग त्या शतकाच्या उत्तरार्धात सपाट विणीचे जास्त चालायला लागले. सपाट वीण लवकर होते, लोकर कमी लागते, वजनाला हलकी, आणि गावातल्या विणकरांना टेपेस्ट्रीमुळे ती हातची होतीच.

पण स्वस्त म्हणून हलक्या प्रतीचं समजू नका. फिक्या गुलाबी, मोतिया, हिरवट रंगांत गुलाबांच्या माळा आणि मधे गोल पदक असलेला चांगला ओब्यूसाँ बघितला की सावॉनरी जरा जडच वाटतो, निदान मला तरी.

10. ओब्यूसाँची वीण आपल्या पैठणीसारखी असते असं कुणीतरी म्हणालं, काहीतरीच ना?

काहीतरीच नाही, बरोबर म्हणाले ते. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा नारळी काठ कसा विणतात आठवा, बाणा या काठापासून त्या काठापर्यंत एकसलग जात नाही, प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी आणि ती आपापल्या जागेपुरतीच मागे-पुढे फिरते. टेपेस्ट्री म्हणजे हेच तंत्र, आणि ओब्यूसाँचा सपाट गालिचाही याच तंत्राने होतो. फरक दोन रंग जिथे भेटतात तिथे. पैठणीत शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकवतात. ओब्यूसाँमध्ये बऱ्याच ठिकाणी अडकवत नाहीत, उभी फट राहते आणि ती नंतर सुईने शिवतात. माग आडवा, पायाने चालवायचा, चित्राचा कागद ताण्याखाली धरलेला आणि विणकराला समोर उलट बाजू दिसते, म्हणजे सावॉनरीच्या बरोबर उलटं. कुणी कुणाकडून शिकलं असं मात्र समजू नका, हे तंत्र जगात खूप ठिकाणी आहे.

11. रंग कशाचे असायचे?

लालसाठी मंजिष्ठा आणि कोशनील किडा, निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी वेल्ड नावाची वनस्पती, आणि यांच्या मिश्रणातून बाकीचं. पण खरी मजेची गोष्ट पुढची. मिशेल शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये गोब्लाँच्या रंगशाळेचा प्रमुख झाला. तक्रार अशी होती की काळा रंग फिका पडतोय. त्याने धागे तपासले, रंगात काही खोट नव्हती! खोट शेजारच्या रंगात होती, काही रंगांच्या शेजारी काळा बसला की डोळ्याला तो मळकट दिसतो. त्यावरून त्याने रंगांच्या परस्पर परिणामाचा नियम मांडला, 1839 मध्ये पुस्तक आलं, आणि पुढे चित्रकारांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. त्याने 14,400 छटांची रंगपद्धत बसवली, आणि माणूस जगला 102 वर्षं.

12. आज सावॉनरी विणतात का? विकत मिळेल का?

विणतात. विकत मिळणार नाही. सावॉनरी आता मोबिलिये नासिओनालचा भाग आहे, विणकर सरकारी नोकर आहेत, आणि गालिचे जातात राष्ट्राध्यक्षांच्या निवासात, मंत्रालयांत, वकिलातींत. नमुने आजच्या चित्रकारांचे असतात, जुन्याची नक्कल करत बसत नाहीत. एकेका गालिच्याला काही वर्षं लागतात. पैसे मोजून नवा फ्रेंच गालिचा घ्यायचाच असेल तर ओब्यूसाँ आणि शेजारच्या फेल्ताँ गावात खासगी कार्यशाळा आहेत. ओब्यूसाँच्या टेपेस्ट्रीला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली आणि 2016 पासून गावात टेपेस्ट्रीचं मोठं केंद्र आहे, फ्रान्सला गेलात तर तिकडे वाट वाकडी करून जाच.

13. सावॉनरीचा दुसरा कारखाना आहे म्हणे, अल्जीरियाशी संबंध असलेला?

दक्षिण फ्रान्समध्ये लोदेव्ह गावात. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात जे अल्जीरियन फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढले त्यांना हार्की म्हणतात, 1962 नंतर त्यांना कुटुंबासह देश सोडून यावं लागलं आणि फ्रान्सने त्यांना छावण्यांमध्ये ठेवलं, वागणूक चांगली नव्हती. या कुटुंबांतल्या बायकांना गालिचे विणणं येत होतं, त्यांच्या हातांवर 1964 मध्ये लोदेव्हची कार्यशाळा सुरू झाली आणि दोनेक वर्षांत ती सरकारी कारखान्यांत घेतली. प्रश्न 4 मधली शायोची मुलं आणि या बायका यांच्यात तीनशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण ज्याच्याकडे दुसरा आधार नाही त्याच्याच हातात पुन्हा माग आला. आता तिथे रीतसर प्रशिक्षण घेऊन लागलेले विणकर आहेत.

14. नोत्र दामच्या आगीत गालिचा जळला का?

नाही, वाचला. वेदीपुढे खास सणांना अंथरायचा प्रचंड सावॉनरी गालिचा आहे, साधारण 25 मीटर लांब, दहाव्या शार्लच्या काळात विणायला घेतला आणि लुई फिलिपच्या काळात चर्चला दिला. 2019 च्या आगीच्या वेळी तो अंथरलेला नव्हता, गुंडाळून ठेवलेला होता. नंतर मोबिलिये नासिओनालकडे त्याची दुरुस्ती झाली.

15. फ्रेंच गालिच्यांचा आपल्या मराठी माणसांशी काही संबंध?

आहे, आणि एकदम थेट. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या सुमारास माणिक बाग राजवाडा नव्या पद्धतीने बांधायला घेतला, आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियस हा जर्मन. आतल्या खोल्यांसाठी गालिचे आले ते पॅरिसच्या इव्हाँ द सिल्वा ब्रून्सकडून, त्या काळातला आर्ट डेको गालिच्यांचा सगळ्यात मोठा माणूस. ना फुलं ना वेली, नुसते चौकोन, रेषा, वर्तुळं, मोजके रंग. महाराजांचं वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर, आणि सबंध भारतात तेव्हा इतकं आधुनिक घर दुसरं दाखवता येणं कठीण. 1980 मध्ये तिथल्या बऱ्याच वस्तू मोनॅकोला लिलावात गेल्या, 2019 मध्ये पॅरिसला त्यावर मोठं प्रदर्शन भरलं. वाड्यात नंतर सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं. ते गालिचे आज इंदूरला बघता येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

16. घरातला जुना गालिचा फ्रेंच आहे का हे कसं ओळखू?

उलटा करा. नक्षीवर जाऊ नका, फ्रेंच नक्षी जगभर कॉपी झालीय. लव असेल तर मागे गाठींच्या ओळी दिसतील. मागे कापड चिकटवलंय आणि गाठीच नाहीत, तर तो हाताने विणलेला नाही. लव नसेल तर रंगांच्या सीमेवर शिवलेल्या फटी शोधा, प्रश्न 10 मध्ये सांगितल्यात तशा. नुसते भरतकामाचे टाके असतील तर तो ओब्यूसाँ नाही, भरलेला गालिचा आहे. आणि एवढं सगळं जुळलं तरी फोटोवरून मी खात्री देणार नाही, जाणकाराच्या हातात द्यावाच लागेल.

17. दुकानात "सावॉनरी" लिहिलेला नवा गालिचा मिळतो, मग प्रश्न 12 मध्ये मिळत नाही कसं म्हणता?

तिथे सावॉनरी हे शैलीचं नाव असतं, कारखान्याचं नाही. फ्रेंच नक्षीचा लवदार गालिचा तो सावॉनरी आणि सपाट तो ओब्यूसाँ, असा बाजारात सरसकट वापर चालतो, मग तो चीनमध्ये विणलेला असो नाहीतर भारतात. चांगलं हातकाम असेल तर घ्या की, फक्त विणला कुठे हे बिलावर लिहून घ्या.

18. सावॉनरीचे सगळेच नग जमिनीसाठी होते का? म्युझियममध्ये मी उभा पडदा पाहिला, त्यावर पक्षी होते.

बरोबर पाहिलंत. अठराव्या शतकात याच गाठीने घडीचे पडदे, स्टुलांची आणि बाकांची आवरणं विणली गेली. पडद्यांवरच्या पशुपक्ष्यांसाठी देपोर्त या चित्रकाराचे नमुने वापरले, शिकारीची आणि प्राण्यांची चित्रं ही त्याची खासियत. हे तुकडे पायाखाली आले नाहीत म्हणून बऱ्याचदा जास्त चांगले टिकलेत. पण लोकर ती लोकरच, कसर लागायची ती लागतेच, त्यामुळे तुमच्याकडे असा एखादा लोकरी नग असेल तर पेटीत घडी घालून विसरू नका, रोल करून ठेवा आणि दर काही महिन्यांनी उघडून दोन्ही बाजू तपासा.